कॅटलॉगमधला लेखक कोण, हे ठरवायचं कुणी?

विन्स्टन चर्चिल नावाचे निदान तीन लेखक होऊन गेले. एक सगळ्यांना माहीत असलेला, ब्रिटनचा पंतप्रधान, १८७४ ते १९६५, ज्याला १९५३ साली साहित्याचं नोबेल मिळालं. दुसरा अमेरिकन कादंबरीकार, १८७१ ते १९४७, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या कादंबऱ्या प्रचंड खपायच्या. तिसरा त्या पंतप्रधानाचा नातू, १९४० ते २०१०, तोही पुस्तकं लिहिणारा. पहिल्या दोघांना हा घोळ स्वतःलाच जाणवला होता, १८९९ मधे ब्रिटिश चर्चिलने अमेरिकन चर्चिलला पत्र लिहून कळवलं की मी यापुढे विन्स्टन स्पेन्सर चर्चिल असं पूर्ण नाव लावीन. बरं, कामावरून ओळखू म्हणाल तर तेही जमत नाही, कारण ब्रिटिश चर्चिलनेही एक कादंबरी लिहिली आहे. राजकारणावरून ओळखू म्हणाल तर नातूही खासदार होता आणि अमेरिकन चर्चिल न्यू हॅम्पशायरच्या विधिमंडळात बसलेला होता.

आता या तिघांची पुस्तकं एका डिजिटल लायब्ररीत आहेत आणि लेखकाच्या रकान्यात नुसतं 'चर्चिल, विन्स्टन' एवढंच टाइप केलेलं आहे असं समजा. कॉम्प्युटरच्या दृष्टीने हा एकच माणूस, त्याने सगळं लिहिलं आणि नोबेलही त्यालाच. हा डेटा तुम्ही कितीही आधुनिक फॉरमॅटमधे नेला तरी तो एकच माणूस राहणार, कारण हे तिघं वेगळे आहेत ही माहिती मूळ नोंदीत कुठे नाहीच. ती कुणीतरी पुस्तक हातात घेऊन, तारखा बघून, मुखपृष्ठामागची ओळख वाचून भरायची असते.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी जरा विस्ताराने मांडतो, कारण लायब्ररीच्या क्षेत्रात लिंक्ड डेटाची, म्हणजे नोंदी आणि लेखक वेबवरच्या पत्त्यांनी एकमेकांशी जोडण्याची, चर्चा बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी जाऊन बसते. कुठला फॉरमॅट, कुठलं सॉफ्टवेअर, कन्व्हर्जनला किती महिने, डेटाबेस कुठला, यावर मीटिंगच्या मीटिंग जातात. आणि 'ह्या दोन नोंदींतला लेखक एकच आहे असं कोण म्हणतंय, कशावरून म्हणतंय, आणि चुकलं तर ते मागे कसं घ्यायचं' हा प्रश्न कुणी विचारत नाही. माझ्या मते लिंक्ड डेटाचा खरा प्रश्न हाच आहे, आणि लायब्रऱ्यांचा पैसा आणि माणसं आधी इथे लागली पाहिजेत.

जुन्या व्यवस्थेला नावं ठेवायची फॅशन आहे म्हणून थोडं तिच्या बाजूने. मार्क फॉरमॅट, म्हणजे कॅटलॉगची नोंद मशीनला वाचता येईल अशी लिहायची पद्धत, १९६० च्या दशकात लायब्ररी ऑफ काँग्रेसमधे हेन्रिएट अ‍ॅव्हरम यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला, त्या मूळच्या प्रोग्रॅमर, ग्रंथपाल नव्हत्या, आणि त्यांच्या कामामुळे जगभरातल्या लायब्रऱ्या एकमेकींच्या नोंदी मशीनवरून घेऊ लागल्या, जेव्हा बाकी कुठल्याही क्षेत्रात असं काही फारसं होत नव्हतं. पण मार्कचा सुरुवातीचा एक मोठा उद्देश कार्ड छापणं हा होता. कार्डावर लेखकाचं नाव वरती एका ठराविक रूपात यायचं आणि त्या रूपावरूनच कार्ड ड्रॉवरमधे आपल्या जागी बसायचं. म्हणजे नावाच्या त्या ओळीला दोन कामं होती, वाचणाऱ्याला नाव दाखवणं आणि माणूस ओळखणं. म्हणून तर १०० नंबरच्या फील्डमधे, म्हणजे लेखकाच्या रकान्यात, नावापुढे जन्ममृत्यूची सालं येतात, ती चरित्र सांगायला नसतात, एकाच नावाचे दोघं वेगळे पाडायला असतात. आणि त्याच्यामागे ऑथॉरिटी फाइल, म्हणजे प्रत्येक लेखकाची एक वेगळी नोंद, त्यात प्रमाण मानलेलं नाव, बाकीची सगळी रूपं, आणि ६७० नंबरच्या फील्डमधे 'ही माहिती मला अमुक पुस्तकाच्या शीर्षकपानावर मिळाली' असं लिहून ठेवलेलं.

हे ६७० फील्ड मला फार मोलाचं वाटतं. कारण त्यात कॅटलॉगर पुरावा देतोय. पन्नास वर्षांनी दुसरा कुणी ती नोंद उघडेल तेव्हा त्याला कळतं की आधीच्या माणसाने हा निर्णय कशाच्या जोरावर घेतला. आणि ज्या वेळी पुरावा मिळत नसे त्या वेळी तसं सांगायचीही सोय होती, एकाच नावाचे अनेक लेखक, वेगळे करायला काही माहिती नाही, अशा वेळी सगळ्यांची मिळून एक 'अनडिफरन्शिएटेड' नोंद करायचे आणि एका खुणेने सांगून ठेवायचे की ही नोंद एका माणसाची नाही. पुढे नवीन नियमांत अशा नोंदी करणं थांबवलं, पण आधीच्या नोंदी तर आहेतच. आता लिंक्ड डेटात नेताना अशा नोंदीला एक यूआरआय, म्हणजे वेबवरचा पत्ता, दिला, आणि त्याच्या बाजूला 'टाइप: पर्सन' असं लिहिलं, की जन्माला आला एक माणूस जो कधी नव्हताच, ज्याने शेतीवर पण लिहिलंय आणि हृदयरोगावर पण. 'हे आम्हाला माहीत नाही' हे जुन्या कॅटलॉगरने जपून सांगितलं होतं, नवीन सिस्टिमने ते पुसलं.

आता कन्व्हर्जनकडे जरा जवळून बघू. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ मधे मार्कच्या जागी नवीन चौकट आणायचं जाहीर केलं, त्यातून बिबफ्रेम हे लिंक्ड डेटासाठीचं मॉडेल आलं, २०१६ ला त्याची दुसरी आवृत्ती. मार्कच्या नोंदी बिबफ्रेममधे नेणारा त्यांचा कन्व्हर्टर सगळ्यांना फुकट मिळतो, चांगलं बनवलेलं टूल आहे, तक्रार त्याच्याबद्दल नाही. पण तो काय करतो ते बघा. १०० फील्डमधे नाव आहे आणि त्यासोबत कुठलाही आयडेंटिफायर दिलेला नाही, तर तो त्या लेखकासाठी स्वतः एक यूआरआय तयार करतो, आणि तो बनतो कसा तर त्या पुस्तकाच्या नोंदीचा नंबर, मग हॅश, मग एजंट, फील्ड नंबर १००, आणि ते फील्ड त्या नोंदीत कितवं आहे तो आकडा. म्हणजे त्या लेखकाचं अस्तित्व त्या एका नोंदीपुरतं. त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक आलं की दुसरा यूआरआय, तिसरं आलं की तिसरा. एका लेखकाची चाळीस पुस्तकं तुमच्याकडे असतील तर कन्व्हर्जननंतर तुमच्याकडे चाळीस लेखक तयार होतात, सगळ्यांचं नाव तेच, आणि एकाचाही दुसऱ्याशी काही संबंध नाही. टूलने काही चूक केली नाही, त्याला जेवढं सांगितलं तेवढंच त्याने प्रामाणिकपणे लिहिलं. पण अहवालात काय जातं? एवढे लाख रेकॉर्ड लिंक्ड डेटात रूपांतरित. लिंक कुठे आहे त्यात, हे विचारायला नको का?

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मधे लिंक्ड डेटाचे चार नियम लिहिले, त्यातला शेवटचा आहे की दुसऱ्यांच्या यूआरआयशी जोडा म्हणजे माणसाला आणखी गोष्टी सापडतील. पहिले तीन नियम मशीनवर पार पाडता येतात, चौथ्याला निर्णय लागतो. बहुतेक प्रोजेक्ट तिसऱ्यावर थांबतात आणि चौथ्याचं बजेट संपलेलं असतं.

संस्थांच्या रिपॉझिटरींची, म्हणजे विद्यापीठं वगैरे आपल्या लोकांचे पेपर जिथे ऑनलाइन ठेवतात त्यांची, अवस्था तर याहून वाईट, कारण तिथे ऑथॉरिटी फाइल बऱ्याचदा नसतेच. लेखक हा एक साधा टेक्स्ट बॉक्स. भरणारा कधी विद्यार्थी, कधी ऑफिसमधला कुणी, कधी स्वतः लेखक. कुणी आडनाव आधी लिहितं, कुणी आद्याक्षरं, कुणी मधे टिंब देतं कुणी देत नाही, कुणी नावाआधी डॉक्टर लावतं, आणि लेखकानुसार यादी उघडली की एकच बाई सहा ओळींत सहा वेगळ्या बायका होऊन बसलेली दिसते, प्रत्येकीच्या पुढे कंसात एक किंवा दोन पेपर. तिचं आयुष्यभराचं काम बघायला आलेल्या माणसाला त्यातलं एक षष्ठांश दिसतं आणि त्याला वाटतं एवढंच आहे. डीस्पेस या रिपॉझिटरीच्या सॉफ्टवेअरने २०२१ मधे आलेल्या सातव्या आवृत्तीत पर्सन, पब्लिकेशन अशा स्वतंत्र एंटिटी करायची सोय दिली, म्हणजे टेक्स्ट बॉक्सच्या जागी खऱ्या अर्थाने लेखक ठेवता येतो. पण सोय मिळाली म्हणून जुन्या नोंदी आपोआप नीट होत नाहीत, त्या सहा ओळी एकाच बाईच्या आहेत हे कुणीतरी बसून ठरवावंच लागतं.

मॉडेल कसं असावं यावर गेल्या पंचवीसेक वर्षांत इफ्ला या लायब्रऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने खरोखर चांगला विचार केलाय. १९९८ च्या एफआरबीआर या मॉडेलने वर्क (मूळ कृती), एक्स्प्रेशन (तिचा एक पाठ किंवा अनुवाद), मॅनिफेस्टेशन (छापलेली आवृत्ती), आयटेम (हातातली प्रत) असे चार थर दिले, २०१७ मधे ते सगळं एकत्र करून एलआरएम आलं. बिबफ्रेम चाराऐवजी तीनच थर ठेवतं आणि यावरून भरपूर वाद आहेत, ते मी इथे सोडून देतो. एलआरएममधली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे, तिथे नाव ही स्वतःच एक एंटिटी आहे, तिला ते नोमेन म्हणतात. माणूस वेगळा, त्याचं नाव वेगळं, आणि दोघांमधे एक संबंध. एकदा हे वेगळं केलं की नावाबद्दलही बोलता येतं, हे नाव कुठल्या लिपीत आहे, कुठल्या काळात वापरलं, कुठल्या नियमाने लिहिलं, कुणी प्रमाण मानलं.

आपल्या लोकांना हे पटकन कळेल. राम गणेश गडकरी, १८८५ ते १९१९. नाटकं स्वतःच्या नावाने, कविता गोविंदाग्रज या नावाने, विनोदी लेख बाळकराम या नावाने. आता कॅटलॉगमधे हे किती लेखक? 'एकच' म्हणाल तर कवितेच्या पुस्तकावर छापलेलं गोविंदाग्रज हे नाव शोधणाऱ्याला मिळालं पाहिजे आणि ते त्या पुस्तकापुरतं खरं नाव आहे, ते पुसून चालणार नाही. 'तीन' म्हणाल तर ज्याला गडकऱ्यांचं सगळं लेखन एकत्र हवंय त्याच्यापुढे एक तृतीयांशच येणार. हाच प्रश्न लुइस कॅरोलचा, मुलांची पुस्तकं त्या नावाने आणि गणिताची पुस्तकं चार्ल्स डॉजसन या खऱ्या नावाने, आणि अ‍ॅंग्लो-अमेरिकन कॅटलॉगिंगच्या जुन्या नियमांत अशा लेखकाला दोन वेगळ्या 'बिब्लिओग्राफिक आयडेंटिटी' मानून दोन नोंदी करा, आणि एकीकडून दुसरीकडे बघायला सांगा, असं होतं. कार्डांच्या काळात तो शहाणपणाचाच तोडगा होता. पण आता माणूस एक, नोमेन तीन, आणि प्रत्येक पुस्तकाला 'हे कुठल्या नोमेनखाली छापलं' याचा दुवा, असं स्वच्छ मांडता येतं आणि दोन्ही वाचकांचं काम होतं, मग दोनातलं एक कशाला निवडायचं.

लिपीचंही तसंच. मराठी नाव रोमनमधे नेताना अक्षरागणिक नेलं तर एक स्पेलिंग होतं, उच्चाराप्रमाणे नेलं तर दुसरं, आणि लेखकाने स्वतःच्या इंग्रजी पुस्तकावर छापलेलं तिसरंच असतं. टॉलस्टॉय तर किती भाषांत किती स्पेलिंगने आहे याची मोजदाद नको. ज्या कॅटलॉगमधे ओळख म्हणजे स्पेलिंग, तिथे रोमन नसलेल्या लिपीत लिहिणारा प्रत्येक लेखक आपोआप फुटतो, तुकडे होतात त्याचे. मला हा मुद्दा निव्वळ तांत्रिक वाटत नाही, कारण लॅटिन लिपीत जन्मलेल्या लेखकाला हा त्रास थोडा, आणि बाकी जगाला जास्त, आणि त्यातून कुणाचं काम सापडतं आणि कुणाचं हरवतं हे ठरतं.

मग काही केसेस अशा की तिथे माणूसच माहीत नाही. एलेना फेरांते हे एका इटालियन कादंबरीकाराचं टोपणनाव आहे आणि मागे कोण आहे ते लेखिकेने सांगितलेलं नाही. निकोला बुर्बाकी हे तर गणितज्ञांच्या एका गटाचं मिळून घेतलेलं नाव. एलआरएमने पर्सन म्हणजे खरा जिवंत किंवा होऊन गेलेला माणूस अशी व्याख्या केली, त्यामुळे काल्पनिक पात्राच्या नावाने छापलेलं पुस्तक त्या पात्राने लिहिलं असं म्हणता येत नाही, ते नाव कुणाचं तरी नोमेन होतं. मला हे बरोबर वाटतं. काही कॅटलॉगर यावर नाराज आहेत, त्यांचं म्हणणं की शीर्षकपानावर जे आहे ते आम्ही मानणार. पण शीर्षकपानावरचं तसंच्या तसं ठेवायला मॅनिफेस्टेशनच्या पातळीवर जागा आहेच की, ती विधानं तिथे ठेवा आणि माणसाबद्दलचा दावा वेगळा ठेवा.

इथे एक बारकावा आहे आणि तो चुकला की पुढचं सगळं चुकतं. लेखकाबद्दलची नोंद ही एक वस्तू आणि लेखक ही दुसरी. नोंद २००९ मधे तयार झाली असेल, लेखक १८८५ मधे जन्मला. दोघांना एकच यूआरआय दिला तर 'निर्मिती २००९' हे वाक्य माणसाला चिकटतं. मार्कमधे यासाठीच आता दोन वेगळी सबफील्ड आहेत, शून्य नंबरच्या सबफील्डमधे ऑथॉरिटी नोंदीचा आयडेंटिफायर आणि एक नंबरच्या सबफील्डमधे प्रत्यक्ष माणसाचा, आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सर्व्हरवर दोघांचे पत्तेही वेगवेगळे आहेत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा काथ्याकूट वाटतो. पण दोन लायब्रऱ्यांच्या नोंदी कधीच 'एकच' नसतात, दोन वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या पुराव्यावर केलेल्या असतात, एकच असतो तो माणूस. 'आमची नोंद आणि तुमची नोंद एकाच माणसाबद्दल आहे' असं म्हणणं सुरक्षित आहे, 'आमची नोंद म्हणजेच तुमची नोंद' म्हटलं की एकाची चूक दुसऱ्याच्या गळ्यात.

आणि चूक पसरते कशी बघा. सेम-अ‍ॅज नावाचा, म्हणजे 'हे दोन्ही एकच' असं सांगणारा, जो दुवा आहे तो तर्काच्या नियमाने पुढे जातो, अ आणि ब एकच, ब आणि क एकच, तर अ आणि क एकच. एका लायब्ररीने घाईत अमेरिकन कादंबरीकाराला पंतप्रधानाशी जोडलं, दुसरीने तिच्यावर विसंबून तिसरीशी जोडलं, की सगळीकडचे दोघं एक झाले, आणि एकत्र झाल्यावर कुठला दुवा चुकीचा होता ते शोधायला बसलं तर प्रत्येक टोकाकडे 'दुसऱ्यांनी सांगितलं' एवढंच उत्तर. टेक्स्ट बॉक्सच्या जमान्यात चूक एका कॅटलॉगपुरती राहायची, लिंक्ड डेटात ती प्रवास करते. म्हणून मी म्हणतो की जोडण्याची सोय देताना तोडण्याची सोय त्याच दिवशी दिली पाहिजे, आणि प्रत्येक दुव्यावर कुणी, कधी, कशावरून हे लिहिलेलं असलं पाहिजे. जुन्या ६७० फील्डची शिस्त नवीन जगात आणायची, बाकी काही नाही.

हे जमतं का? जमतं. विकिडेटा, म्हणजे विकिपीडियाचा भावंड असलेला खुला डेटाबेस, २०१२ मधे सुरू झालं, तिथे प्रत्येक विधानाला संदर्भ लावता येतो, आणि विधानाला दर्जा असतो, पसंतीचं, सामान्य, किंवा बाद. बाद झालेलं विधान पुसून टाकायची गरज नसते, 'असं अमुक ठिकाणी म्हटलंय, पण ते या कारणाने चूक आहे' असं राहू शकतं, म्हणजे उद्या दुसरा कुणी तीच चूक पुन्हा भरायला आला तर त्याला दिसतं. 'हा त्याच्यापेक्षा वेगळा' असं स्पष्ट सांगणारी प्रॉपर्टीही आहे, आणि माझ्या मते ती 'एकच' म्हणणाऱ्या दुव्याइतकीच कामाची आहे. विकिडेटात कुणीही बदल करू शकतं म्हणून नाक मुरडणारे लायब्ररीवाले मला भेटतात. त्यांची काळजी समजते, पण रचना म्हणून तिथे जे आहे ते अनेक लायब्ररी सिस्टिममधे अजून नाही.

व्हायाफ, म्हणजे जगभरच्या राष्ट्रीय लायब्रऱ्यांच्या ऑथॉरिटी फाइल एकत्र जोडणारी फाइल, २००३ मधे लायब्ररी ऑफ काँग्रेस, जर्मन राष्ट्रीय लायब्ररी आणि ओसीएलसी (लायब्रऱ्यांची सहकारी संस्था) यांनी मिळून सुरू केली. कल्पना उत्तम, कुणावरही आपलं नाव लादायचं नाही, जपानने जपानी रूप ठेवावं, फ्रान्सने फ्रेंच, आणि मधे या सगळ्या रूपांचा एक गट, म्हणजे क्लस्टर. पण क्लस्टर मशीन बनवते, नावं, तारखा, पुस्तकांची शीर्षकं, सहलेखक यांची जुळणी बघून, आणि नवीन डेटा आला की जुळणी बदलते, क्लस्टर फुटतात, मिसळतात. मदतनीस म्हणून व्हायाफ उत्तम आहे. पण अनेक लायब्रऱ्यांनी क्लस्टरचा नंबर अंतिम ओळख म्हणून आपल्या डेटात कोरून ठेवला, ते चुकीचं केलं असं मला वाटतं.

इथे हमखास येणारा आक्षेप, की हे सगळं आता एआय करेल, माणसं कशाला बसवायची. मी मशीनच्या विरोधात नाही. लाखो नोंदींमधून 'हे दोघं कदाचित एकच असावेत' अशी यादी काढून देणं हे मशीननेच करावं, माणसाने ते करत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे. पण यादी काढणं वेगळं आणि निकाल देणं वेगळं. मशीनची जुळणी भोवतालच्या डेटावर चालते, ज्या लेखकाबद्दल भरपूर लिहिलं गेलंय त्याच्याबाबत ती छान चालते, आणि ज्याच्याबद्दल एक पातळ पुस्तक आणि अर्धवट नाव एवढंच उपलब्ध आहे तिथे ती अंदाज करते. आणि हाताने करायची गरज नेमकी त्या दुसऱ्या लेखकांनाच असते. टॉलस्टॉयला कॅटलॉगरची गरज नाही हो, त्याला सगळे ओळखतात. शिवाय मशीन म्हणालं की ९५ टक्के शक्यता आहे, तर ते ९५ टक्के नोंदीत लिहून ठेवा, ते गाळून नुसतं 'एकच' लिहू नका. पुढच्या माणसाला कळू दे की हे कुणी पाहिलेलं नाही.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. ऑथॉरिटीचं काम महाग असतं, एका नोंदीला कधी अर्धा दिवस जातो. पण सगळ्यांनी सगळं करायचं नाहीये. नाको नावाची सहकारी योजना १९७० च्या दशकापासून चालू आहे, शेकडो संस्था एकाच फाइलमधे आपापला वाटा घालतात. तत्त्व साधं, ज्याला ज्या लेखकांची माहिती जवळून आहे त्याने ते लेखक सांभाळावेत. विद्यापीठाने आपले संशोधक, प्रादेशिक लायब्ररीने आपल्या भागातले लेखक, आणि बाकीच्यांनी त्या यूआरआयवर विसंबावं. जिवंत संशोधकांसाठी ऑर्किड हा सोळा अंकी ओळख-नंबर आहे, २०१२ पासून, तिथे लेखक स्वतःच नोंदवतो. आयएसएनआय हा लेखक-कलावंतांसाठीचा नंबर आहे, तोही सोळा अंकी. नवीन नंबर काढायची गरज फार कमी वेळा असते, आहेत ते जोडण्याचीच जास्त.

जिवंत लेखकांबद्दल आणखी एक. माणूस डेटा झाला की त्याच्याबद्दल काय लिहायचं नाही हाही प्रश्न येतो. मार्कच्या ऑथॉरिटी फॉरमॅटमधे लिंग नोंदवायला ३७५ नंबरचं फील्ड आलं, बऱ्याच लोकांनी ते नावावरून अंदाजाने भरलं, मग पीसीसी या कॅटलॉगिंग सहकारी संस्थेच्या अभ्यासगटाने हे नोंदवूच नका अशी शिफारस केली. मला ती पटते. पूर्ण जन्मतारीख, जुनं सोडून दिलेलं नाव, टोपणनावामागचं खरं नाव, हे कार्डाच्या ड्रॉवरमधे होतं तेव्हा तिथे जाऊन बघावं लागायचं, लिंक्ड डेटात ते एका क्वेरीत जगभर जातं आणि मागे घेता येत नाही. वेगळं ओळखण्यापुरतं लागेल तेवढंच लिहावं, आणि ज्या लेखकाने नाव लपवलंय त्याचं नाव लायब्ररीने फोडू नये, मग वर्तमानपत्रात काहीही छापून आलेलं असो.

आणि हे सगळं कुणाच्या मालकीचं? लेखकाची ओळख ठरवण्याचं काम सार्वजनिक पैशावर, सार्वजनिक लायब्रऱ्यांत झालं असेल तर ते खुलंच असलं पाहिजे, यात मला दुसरी बाजू दिसत नाही. जर्मन राष्ट्रीय लायब्ररीने आपली ऑथॉरिटी फाइल सीसीझिरो म्हणजे कुठल्याही अटीशिवाय खुली केली, हार्वर्डने २०१२ मधे सुमारे १.२ कोटी नोंदी तशाच दिल्या. दुसरीकडे २०२२ मधे ओसीएलसीने क्लॅरिवेट या कंपनीवर दावा लावला, क्लॅरिवेटच्या मेटाडोअर या सेवेत लायब्रऱ्यांना एकमेकींच्या नोंदी घेता येणार होत्या, त्याच वर्षी तडजोड झाली आणि ती सेवा थांबली. दोन्ही मोठ्या संस्था, त्यांचे करार त्यांना माहीत, पण ज्या नोंदींवरून भांडण झालं त्यातल्या बहुतेक लायब्रऱ्यांतल्या माणसांनी केलेल्या आहेत. आपण केलेली नोंद दुसऱ्या लायब्ररीला देता येईल का असं वकिलाला विचारावं लागणं हे मला मान्य नाही.

खुलं असण्याबरोबर टिकाऊपणाही आला. यूआरआय म्हणजे शेवटी कुणाच्या तरी डोमेनवरचा पत्ता, त्याचं भाडं कुणीतरी भरायचं असतं. अनेक मेटाडेटा शब्दसंग्रहांचे, म्हणजे नोंदीतल्या रकान्यांना नावं देणाऱ्या याद्यांचे, पत्ते पर्ल डॉट ऑर्गवर आहेत, ती सेवा ओसीएलसी चालवत होती, २०१६ मधे ती इंटरनेट आर्काइव्हने हातात घेतली म्हणून ते पत्ते आजही चालतात. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मधे सायबर हल्ला झाला तेव्हा मुख्य कॅटलॉग पुन्हा शोधता येईपर्यंत जानेवारी २०२४ उजाडला. म्हणून दुसऱ्याच्या यूआरआयला जोडताना त्या लेखकाचं नाव आणि दोनचार ओळखीच्या गोष्टी आपल्याकडेही ठेवाव्यात, पलीकडचा सर्व्हर बंद पडला तर आपला कॅटलॉग आंधळा होता कामा नये.

तेव्हा एखादी लायब्ररी लिंक्ड डेटासाठी टेंडर काढत असेल तर माझी सूचना अशी. विकणाऱ्याला कन्व्हर्जनचा वेग विचारू नका. त्याला दोन लेखक चुकून एक झालेली नोंद द्या आणि म्हणा, समोर वेगळे करून दाखवा, कुठली पुस्तकं कुणाकडे गेली, जुना यूआरआय कुठे नेतो, आधी जोडणाऱ्याचं नाव दिसतं का. बऱ्याच सिस्टिम इथेच अडखळतील. आणि वाचकाच्या पानावर, लेखकाच्या नावाशेजारी, 'ही माहिती चुकीची आहे' असं कळवायचं बटण मागा, ते ज्या इनबॉक्समधे जातं तो कुणाचा आहे हे लेखी घ्या, आणि त्या इनबॉक्सला उत्तर देणाऱ्या कॅटलॉगरचा पगार त्याच बजेटमधे, पहिल्या वर्षापासून धरा.